मीटर काय सांगतो

सातारा जिल्ह्यात कोयनेच्या अंगाला एक वाडी आहे. वाडीत रात्रीचा वर्ग भरतो. जेवणखाण आटोपले की बायका येतात, दोन-चार म्हातारे येतात. देवळाच्या ओवरीत दिवा असतो. गुरुजी शिकवतात.

वर्गात एक मावशी येतात. वय पन्नासच्या पुढचे. दोन वर्षांपूर्वी त्या अंगठा उठवायच्या. आता सही करतात. एस.टी.ची पाटी वाचतात. आकडेही लिहितात, फक्त हातच्याची बेरीज करताना अजून अडखळतात.

फाल्गुनातली गोष्ट. पहाटे गारठा नि दुपारी उकाडा, असे दिवस होते. एके रात्री मावशी वर्गात आल्या त्या रागातच. हातात विजेचे बिल. बिल गुरुजींपुढे ठेवून म्हणाल्या, "गुरुजी, हे बघा. तेराशेच्या वर! माझ्या घरात काय कारखाना हाय का? आजपासनं पोरीला सांगितलंय, नऊला दिवा बंद. रात्री अकरा-अकरापर्यंत पुस्तक घिऊन बसती."

मावशींची मुलगी तालुक्याच्या कॉलेजात शिकते. परीक्षा महिन्यावर आली होती. थोरला मुलगा तालुक्यालाच एका दुकानात कामाला आहे. मावशींचे मालक वारले, त्याला सात वर्षे झाली. घर चालते ते मावशींच्या मजुरीवर आणि मुलाच्या पगारावर. बिल भरायचे तर कुठेतरी हात आखडता घ्यायलाच हवा.

मावशी पुढे म्हणाल्या, "एवढ्यावर भागलं नाही, तर पुढच्या महिन्यापासनं पोरीचा एस.टी.चा पासबी नको. बसू दे घरी."

वर्ग गप्प झाला. गुरुजींनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "मावशी, पासाचं मागनं बघू. आज आपण सगळी मिळून हे बिल वाचू या."

बिल कसे वाचावे

विजेच्या बिलावर पुष्कळ मजकूर असतो. तो पाहून घाबरू नये. आधी दोनच आकडे शोधावेत. एक 'मागील रीडिंग', दुसरा 'चालू रीडिंग'. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा केले, की महिन्यात किती युनिट वीज जळली ते कळते.

मावशींनी बोट ठेवून वाचले. मागील रीडिंग सापडले. पण चालू रीडिंगच्या जागी आकडाच नव्हता. तिथे इंग्रजी अक्षरे छापलेली होती. एकूण वापर मात्र १६० युनिट दाखवला होता.

"जुनी बिलं आहेत का?" गुरुजींनी विचारले.

मावशींनी कनवटीची घडी सोडली. तीन महिन्यांची बिले होती. तिन्हींवर १६० युनिट! एक युनिट कमी नाही, एक जास्त नाही.

खरा प्रकार असा होता. मावशींचा मीटर पडवीत आत आहे. दिवसा घरात कोणी नसते. रीडिंग घेणारा माणूस यायचा, कुलूप पाहून परत जायचा. रीडिंग मिळाले नाही, की वीज कचेरीतून सरासरीचे बिल येते. ते अंदाजाचे असते. खरे रीडिंग गेल्यावर हिशेब जुळवून देतात, पण त्यासाठी आपण सांगायला हवे. तीन महिने मावशींनी सांगितले नाही. कारण बिलात काय लिहिले आहे हे त्यांनी पाहिलेच नव्हते. त्या फक्त पैशाचा आकडा पाहायच्या.

"आता काय करावं?" मावशी म्हणाल्या.

"मीटर वाचायचा. तुम्हीच वाचायचा."

आताच्या मीटरला काटे नसतात. काचेच्या खिडकीत आकडे उमटतात. ते पाळीपाळीने बदलतात. कधी तारीख येते, कधी वेळ येते. ज्या आकड्याजवळ के-डब्ल्यू-एच अशी तीन इंग्रजी अक्षरे असतील, तो आकडा युनिटांचा. गुरुजींनी ती अक्षरे फळ्यावर काढून दाखवली. मावशींनी ती पाटीवर गिरवून घेतली. टिंबाच्या पुढे आकडा असेल, तर तो सोडून द्यावा.

त्या रात्रीपासून मावशी दिवेलागणीला मीटर पाहू लागल्या. आकडा वहीत लिहू लागल्या. पहिल्या दिवशी लिहिले ४५१२. आठव्या दिवशी लिहिले ४५४२. सात दिवसांत ३० युनिट. म्हणजे रोज चारांहून थोडे अधिक. महिन्याचे सुमारे १२८. बिल येत होते १६० चे!

युनिट म्हणजे काय

ज्वारी किलोने मोजतात, दूध लिटरने मोजतात, तशी वीज युनिटने मोजतात. हजार वॅटची वस्तू एक तास चालली, की एक युनिट जळते. वॅटचा आकडा वस्तूवरच छापलेला असतो. दिव्याच्या बुडाशी असतो, मोटरीच्या पत्र्यावर असतो. वॅटला तासांनी गुणावे आणि हजाराने भागावे. झाले.

गुरुजींनी मावशींना घरातल्या वस्तूंचे वॅट लिहून आणायला सांगितले. मुलीने मदत केली. दुसऱ्या रात्री सगळ्या वर्गाने मिळून हिशेब मांडला. वर्गात पैज लागली होती. आजोबा म्हणाले, "मोबाइलच जास्त खात असणार. दिवसरात्र टोचून ठेवतात पोरं." बायका म्हणाल्या, टी.व्ही. मावशींचा संशय दिव्यावर.

मुलीच्या अभ्यासाचा दिवा जुन्या तऱ्हेचा, पिवळा, ६० वॅटचा. रोज चार तास जळतो. ६० गुणिले ४ म्हणजे २४०. हजाराने भागले, तर पाव युनिटही होत नाही. महिन्याला सव्वासात युनिट होतात. स्वयंपाकघरात तसाच दुसरा दिवा. त्याचे तेवढेच.

पंखे दोन. प्रत्येकी ७५ वॅट. रोज आठ तास. दोन्ही मिळून रोज सव्वा युनिटाला थोडे कमी. पाण्याची मोटर रोज एक तास, तिचे अर्धे युनिट. टी.व्ही.चे पाव युनिटापेक्षा जरासे जास्त. मोबाइल तर सगळ्यांत गरीब निघाला. चार्जर दहा वॅटचा धरला आणि दोन तास लावला, तर महिन्याला एक युनिटसुद्धा होत नाही. आजोबा पैज हरले.

मग उरली एकच वस्तू. पाणी तापवायचा रॉड. मावशी तो शेवटी सांगत होत्या, जणू तो हिशेबात नसतोच. रॉड १५०० वॅटचा. रोज पहाटे एक तास बादलीत. रोजचे दीड युनिट. महिन्याचे ४५!

मावशी फळ्याकडे बघतच राहिल्या. पोरीचा दिवा सव्वासात. रॉड पंचेचाळीस.

"आन् रॉड लावतं कोण?" एका बाईने विचारले.

"थोरला. दोन बादल्या ऊन पाणी लागतं त्याला," मावशी हळूच म्हणाल्या. मग जरा वेळाने म्हणाल्या, "त्याला कुणी कधी बोललंच नाही."

घरोघरी असेच असते. काटकसर करायची म्हटली, की जो गप्प ऐकून घेतो त्याच्या वाट्याचे आधी कमी होते. त्यात बचत किती झाली, हे कोणी मोजत नाही.

पहिले शंभर आणि त्यापुढचे

बिलात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. सगळ्या युनिटांना एकच दर नसतो. आपल्या राज्यात घरगुती विजेचे टप्पे केले आहेत. पहिल्या १०० युनिटांना कमी दर. १०१ पासून पुढे ३०० पर्यंत बराच चढा दर. त्याच्याही पुढे आणखी चढा. चढा दर फक्त पुढच्या युनिटांना लागतो, पहिल्या शंभरांना नाही. नेमका दर बिलावर छापतात. तो वेळोवेळी बदलतो. शिवाय स्थिर आकार, वीज शुल्क असे आकार वेगळे लागतात. आपण हिशेबापुरते पहिल्या शंभराला ६ रुपये आणि पुढे १२ रुपये धरू.

मावशींच्या खऱ्या १२८ युनिटांचे किती झाले? शंभराचे ६००. वरच्या अठ्ठाविसांचे ३३६. म्हणजे वरचे थोडेसे युनिटच बिल फुगवतात. ते अठ्ठावीस कमी झाले पाहिजेत.

आधी दिवे बदलले. दोन पिवळे दिवे काढून ९ वॅटचे एल.ई.डी. दिवे लावले. उजेड तेवढाच. दोन्ही मिळून महिन्याला चौदाऐवजी दोन युनिट. बारा वाचले. दिव्यांचे पैसे दीड-दोन महिन्यांत वसूल.

मग रॉड. इथे एक गोष्ट समजून घ्यावी. पाणी जितके तापवायचे, तितकी वीज जाणारच. तिला चोरवाट नाही. म्हणून उपाय दोनच. ऊन पाणी कमी वापरावे, नाहीतर धग दुसरीकडून आणावी. थोरल्याने दोन बादल्यांची एक केली. पहिले चार दिवस कुरकुर केली, मग सवय झाली. मावशी शेतावरून आल्यावर दुपारी अंघोळ करतात. त्यांनी काळा रंग दिलेला डबा भरून उन्हात ठेवायला सुरुवात केली. सूर्य पैसे मागत नाही. रॉड तासाचा अर्ध्या तासावर आला. आणखी बावीस वाचले.

रॉडविषयी एक ताकीद. बटण बंद करून, पिन काढून मगच पाण्याला हात लावावा. घाई करू नये. अशा घाईत माणसे दगावली आहेत.

१२८ मधून ३४ गेले, राहिले ९४. सहा रुपयांनी ५६४ झाले. महिन्याला ३७२ रुपये वाचले. मुलीच्या दिव्याचे तास जसेच्या तसे राहिले.

पंख्यांना मात्र हात लावला नाही. निम्म्याहून कमी वीज खाणारे नवे पंखे बाजारात मिळतात. पण त्यांना पैसे जास्त पडतात. चालता पंखा फेकून नवा आणावा असे गुरुजींना वाटत नाही. जुना बिघडेल तेव्हा नवा घेताना विचार करावा.

ही वीज येते कुठून

एके रात्री आजोबा म्हणाले, "गुरुजी, कोयना आपल्या उशाला. वीज पाण्याची. पाणी वरनं पडतंय. मग वाचवायची कशाला?"

प्रश्न चांगला होता. कोयनेची वीज १९६२ साली सुरू झाली. सगळे टप्पे मिळून ती १९६० मेगावॅटची आहे. पण धरणातले पाणी वर्षाला ठरलेलेच वापरता येते. म्हणून लोकांना एकदम जास्त वीज लागते तेव्हा, विशेषतः संध्याकाळी, ही केंद्रे जोरात चालवतात. बाकी वेळची आपली पुष्कळशी वीज अजून कोळशाची आहे. चंद्रपूर, कोराडी, परळी या ठिकाणी कोळसा जाळून वीज करतात. एकट्या चंद्रपूरचे केंद्र २९२० मेगावॅटचे आहे. कोळशाच्या एका युनिटामागे अर्धा किलोहून जास्त कोळसा जळतो. त्याची राख उरते. धूर तिथल्या लोकांच्या छातीत जातो. त्यातला कार्बन डायऑक्साइड वायू हवेत साठतो आणि हवा तापते. पाऊस वेळेवर येत नाही, आला तर एकदम कोसळतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

मावशींचे ३४ युनिट वाचले. म्हणजे महिन्याला सतरा किलोहून जास्त कोळसा. एवढे ओझे मावशींनी डोक्यावरून वाहिले आहे, त्यामुळे ते त्यांना लगेच कळले.

आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाण्याच्या विजेलाबी पैसे पडलेत. आमचं गाव त्याच धरणात गेलं. मी तवा लहान. घर मोडून वासं डोक्यावर घेतलं. कुणी वर डोंगराला सरकलं, कुणी सोलापूर-सांगलीकडं गेलं. माझी आत्या तिकडं गेली, ती पुन्हा दिसली नाही."

त्या रात्री पुढचा धडा झाला नाही.

चूल आणि गॅस

गॅसचा हिशेब थोडक्यात सांगतो. घरगुती मोठ्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचे वजन टाकीवरच रंगाने लिहिलेले असते. टाकी घरी आली, की वजन करून घ्यावे. एकूण वजनातून टाकीचे वजन वजा करावे. उरलेला आकडा १४.२ यायला हवा. कमी आला तर टाकी घेऊ नये. वाचता येत नव्हते तोवर मावशींनी असे कधी मागितले नव्हते.

डाळ, कडधान्य आधी भिजवावे. भांड्यावर झाकण ठेवावे. पाण्याला उकळी आली, की आच बारीक करावी. उकळते पाणी मोठ्या आचेवर जास्त तापत नाही, नुसती वाफ होऊन उडते. भात लवकर होत नाही. गॅस मात्र लवकर संपतो.

भाताची एक जुनी युक्ती आहे. टोपलीत सोयाबीनचा भुसा किंवा भाताचा पेंढा दाबून भरावा. मधे पातेल्याएवढी जागा ठेवावी. भाताला उकळी आली, चार-पाच मिनिटे शिजला, की झाकणासकट पातेले त्यात ठेवून वर जुनी गोधडी दाबावी. धग बाहेर जात नाही. तासाभरात भात आपोआप होतो. पातेल्याला विस्तव चिकटलेला नाही ना, एवढे आधी पाहावे. मावशींना ही युक्ती माहीत होती. त्यांची सासू असेच करायची. घरात गॅस आला नि मावशी ते विसरल्या.

चाळीस दिवस जाणारी टाकी आता पन्नास दिवस जाते.

रस्त्यावरचा खर्च

थोरला मोटारसायकलवरून कामाला जातो. जाऊन-येऊन २८ किलोमीटर. महिन्याचे २६ दिवस. म्हणजे ७२८ किलोमीटर. त्याची गाडी लिटरला ४५ किलोमीटर जायची. महिन्याला सोळा लिटर पेट्रोल लागायचे. लिटरला शंभर रुपये धरले, तरी सोळाशे!

हा आकडा मावशींनी वहीत लिहिला नि वही थोरल्यापुढे ठेवली. बोलल्या काही नाहीत.

थोरला म्हणाला, "मग काय एस.टी.नं जाऊ? दुकान आठला बंद होतं. शेवटची गाडी सातला."

खरे होते. एस.टी. ही आपल्या गरिबाची गाडी आहे. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली गाडी सुटली. एका गाडीत पन्नास माणसे जातात. माणशी डिझेल फारच थोडे पडते. विद्यार्थ्यांच्या मासिक पासात भाड्याचे दोन हिस्से माफ असतात, तिसरा भरावा लागतो. मावशींची मुलगी त्याच पासावर जाते. २०२३ च्या मार्चमध्ये बायकांना निम्मे भाडे झाले, तेव्हापासून मावशीही बाजाराला एस.टी.नेच जातात. पण गाडीच नसेल त्या वेळेला काय करावे? पास कितीही स्वस्त असला, तरी पायी घरी यावे लागत असेल तर त्याचा उपयोग नाही. वाडीच्या लोकांनी रात्री साडेआठच्या फेरीसाठी आगाराला अर्ज लिहिला आहे. अर्ज मावशींच्या वर्गाने लिहिला. उत्तर अजून आलेले नाही.

तोवर थोरल्याने दुसरी वाट काढली. शेजारचा एक मुलगा त्याच पेठेत कामाला जातो. तोही आपली गाडी घेऊन एकटाच जायचा. दोन माणसे, दोन गाड्या, एकच रस्ता. आता दोघे एका गाडीवर जातात. एक दिवस याची गाडी, एक दिवस त्याची. दोघांनाही हेल्मेट. दोघे बसले, की पेट्रोल थोडे जास्त लागते, पण दोन गाड्यांइतके कधीच लागत नाही.

शिवाय चाकांत हवा पुरी भरली, हवेची जाळी साफ केली, आणि सत्तरच्या वेगाने जाणारी गाडी पन्नासवर आणली. चाक मऊ असले, की गाडी चिखलातून बैल ओढावा तशी चालते. आता लिटरला पन्नास किलोमीटर पडतात. एकेकाच्या वाट्याला महिन्याला साडेसात लिटरच्या आसपास येते. सोळा होते, ते निम्म्याहून कमी झाले.

पेट्रोलची एक गंमत आहे. एक लिटर पेट्रोल वजनाला पाऊण किलोच्या आसपास भरते. पण ते जळले, की सव्वादोन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड होतो. पाऊण किलोचे दोन किलो कसे झाले? जळताना ते हवेतला प्राणवायू ओढून घेते. त्याचे वजन त्यात मिळते.

मावशींची वही

मावशींनी वीज कचेरीत अर्ज दिला. अर्जासोबत मीटरचे रोजचे आकडे लिहिलेला कागद जोडला. खिडकीवरचा माणूस आधी म्हणाला, "नंतर या." मावशी म्हणाल्या, "पोच द्या, मग जाते." पोच मिळाली. पुढल्या महिन्यात रीडिंग नेमके घेतले गेले आणि तीन महिन्यांचे जास्तीचे युनिट पुढच्या बिलातून वळते झाले.

मुलीचा पास चालू आहे. परीक्षेच्या दिवसांत तिचा दिवा बारापर्यंत जळायचा. एके रात्री तिनेच नऊला तो बंद केला. मावशी पडवीतून म्हणाल्या, "लाव गं. महिन्याचं एक युनिट हाय ते. मी मोजलंय."

करून पाहा

१. आपल्या मीटरचा आजचा आकडा लिहा. आठ दिवसांनी पुन्हा लिहा. किती युनिट जळले?

२. घरातल्या तीन वस्तूंचे वॅट वाचून लिहा. कोणती वस्तू रोज किती वेळ चालते, आणि ती कोण चालवतो, तेही लिहा.

३. हजार वॅटची इस्त्री रोज अर्धा तास वापरली, तर ३० दिवसांत किती युनिट जळतील?